पालवीआधीचा बहर

उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात मेपल, बीच आणि ओक यांची पानझडी वनं आहेत. बर्फ वितळल्यापासून झाडांना पालवी फुटेपर्यंत काही आठवडे जातात. तेवढ्यापुरतं जमिनीपर्यंत भरपूर ऊन पोचतं आणि त्या उन्हावर वनातली वासंतिक रानफुलं आपलं वर्षाचं काम उरकतात. वर पानांचं छत दाट झालं, की त्यांतल्या अनेकांची पानं पिवळी पडून मातीत जिरतात. पुढचे महिने ती कंदाच्या किंवा आडव्या खोडाच्या रूपात जमिनीखाली काढतात.

ब्लडरूटची कळी एकाच पानात लपेटून वर येते. फूल पांढरंशुभ्र, पण जेमतेम दोन-तीन दिवसांचं. त्याचं भूमिगत खोड मोडलं तर तांबडा, विषारी रस पाझरतो. व्हर्जिनिया ब्लूबेलच्या गुलाबी कळ्या उमलताना आभाळी निळ्या होतात आणि ओढ्याकाठी त्यांचे ताटवेच्या ताटवे पसरतात. डचमन्स ब्रीचेसची फुलं दोरीवर उलट्या वाळत घातलेल्या इवल्या विजारींसारखी दिसतात. त्यांतला मध इतका खोल असतो, की लांब जिभेची भुंगमाशीच तिथवर पोचते. आणि या सगळ्यांत देखणं ते ट्रिलियम: तीन पानं, तीन निदलं, तीन पाकळ्या. त्याची मोठ्या फुलाची पांढरी जात जुनी होताना गुलाबी पडते. कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांताने 1937 साली तिला आपलं प्रांतिक फूल ठरवलं.

ट्रिलियमचं बी रुजून त्याला पहिलं फूल यायला सात किंवा त्याहून जास्त वर्षं लागतात. त्याचा प्रसारही संथ. ट्रिलियम आणि ब्लडरूट यांच्या बियांना स्निग्ध खाऊ चिकटलेला असतो. मुंग्या बी वारुळात नेतात, खाऊ खातात आणि बी टाकून देतात. मुंगीची धाव मात्र काही मीटरांचीच. त्यामुळे शेतीसाठी तोडलेलं रान पुन्हा वाढलं, झाडं उंच झाली, तरी खालची फुलं अनेक ठिकाणी शतकभरानेही परतलेली नसतात. बागेत ती लावण्याचं खरं महत्त्व इथे आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम इथे विल कर्टिस यांनी 1931 साली ‘गार्डन इन द वुड्स’ उभारायला घेतली. स्थानिक रानफुलांची ही बाग आजही लोकांसाठी खुली असते.

घराच्या बागेत पानझडी झाडाखालची जागा त्यांना मानवते. माती भुसभुशीत, ओलसर हवी, पण पाणी साचणारी नको. शरद ऋतूत गळलेली पानं झाडून न्यायची नाहीत. तीच कुजून या फुलांची माती होते. ब्लूबेलची जागा उन्हाळ्यात मोकळी पडते, म्हणून शेजारी नेचे लावतात. ते पसरेपर्यंत ब्लूबेल निजलेली असते. मोकळी दिसली म्हणून ती जागा खणली, तर मुळं तुटतात. फुलं हिरव्या पानांसकट कापून टाकणंही तितकंच घातक, कारण पुढच्या वर्षीचं अन्न ती पानंच साठवत असतात. ट्रिलियमचं फूल खुडताना बहुधा तिन्ही पानंही जातात आणि झाड वर्षानुवर्षं खंगतं. हरणांना ट्रिलियम फार आवडतं, त्यामुळे ती फिरकतात तिथे कुंपण लागतं.

रोपं घेताना ती रोपवाटिकेत बियांपासून किंवा कंद विभागून वाढवलेली आहेत ना, हे विचारून घ्यावं. ट्रिलियम वाढवायला वर्षं लागतात, तेव्हा ते फार स्वस्त मिळत असेल, तर रानातून उपटून आणलेलं असण्याचा संभव असतो.