मासुंद्याचा काठ

ठाणे स्टेशनच्या पश्चिमेस उतरून जांभळी नाक्याच्या बाजारातून थोडे चालत गेले की, दुकानांची दाटी एकाएकी सरते आणि समोर मासुंदा तलावाचे पाणी दिसते. ठाणेकर त्यास सहसा मासुंदा म्हणत नाहीत, तलावपाळी म्हणतात. पाळ म्हणजे तळ्याचा बांध. काठावर बसावयास येणाऱ्यांनी काठाचेच नाव साऱ्या तळ्यास दिले, हे एका परी यथार्थच झाले. कारण या तळ्याचा इतिहास पाण्यापेक्षा त्याच्या काठावरच अधिक वाचावयास मिळतो.

उत्तर कोकणच्या शिलाहार राजांचे श्रीस्थानक ते हेच ठाणे. त्यांच्या काळी येथे देवळे आणि तळी विपुल होती. गाळ उपसताना जुन्या मूर्ती व कोरीव दगड हाती आले आहेत. मात्र त्या काळचे एखादे मंदिर उभे पाहावयाचे असल्यास ठाण्यात शोधून उपयोग नाही, कल्याणपलीकडे अंबरनाथास गेले पाहिजे. तेथील शिवालयाचा शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. पुढे तेराव्या शतकाच्या अखेरीस मोंगल सम्राट कुब्लाई खानाच्या दरबारातून परतलेल्या मार्को पोलो या प्रवाशानेही ठाण्याच्या राज्याचा, तेथील कमावलेल्या चामड्याचा आणि सुती कापडाचा उल्लेख केला आहे.

पोर्तुगीज अमलात येथील देवळांस ओहोटी लागली. तळ्याजवळच उभे असलेले संत जॉन बाप्टिस्टाचे चर्च त्या राजवटीची आठवण देते. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे घेतले. १७६० साली सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी पूर्वकाठी कोपिनेश्वराचे देवालय बांधविले. त्यातील शिवलिंग प्रथमदर्शनीच मनात भरावे इतके मोठे आहे. परकीयांच्या हाती पडू नये म्हणून ते तळ्यातच दडविले होते, असे परंपरा सांगते. परंपरेस पुरावा मागू नये, असे नव्हे. पण ज्या गावाने आपला देव तळ्याच्या स्वाधीन केला असे मानले, त्या गावाचा तळ्यावर किती विश्वास होता, हे त्यातून कळते.

१८५३ साली आगगाडी ठाण्यास आली व गाव वाढू लागले. तळ्याचा विस्तार पूर्वी आजच्याहून बराच मोठा होता. भर पडत तो आटत गेला. शहरात एकेकाळी साठ तळी होती असे म्हणतात. आज सुमारे ३५ उरली आहेत. मासुंदा टिकला, याचे श्रेय काठावरील वर्दळीस द्यावे लागेल. १९७८ पासून गडकरी रंगायतन येथे उभे आहे; नौकाविहार चालतो; दिवाळीच्या पहाटे नवे कपडे घालून तरुणांची अशी झुंबड उडते की, पाणी दिसणेही कठीण. जे तळे गावाच्या डोळ्यांसमोर असते, ते बुजविण्यास सहसा कोणी धजत नाही. कल्याणचा काळा तलावही तसाच वस्तीच्या मध्यावर राहून वाचला.

पण डोळ्यांसमोर असणे म्हणजे निरोगी असणे नव्हे. या तळ्यास वाहती नदी नाही. जे आत पडते, ते आतच राहते. निर्माल्य कुजते, सांडपाण्यातून व साबणातून स्फुरद उतरतो आणि त्यावर शेवाळ पोसते. दिवसा शेवाळ सूर्यप्रकाशात प्राणवायू सोडते, म्हणून सायंकाळी पाणी हिरवेगार व प्रसन्न भासते. रात्री तेच शेवाळ प्राणवायू शोषून घेते. शेवाळ मेले की ते कुजविणारे सूक्ष्म जंतू उरलेलाही संपवितात. गणेशविसर्जनासाठी महानगरपालिका काठांशी कृत्रिम तलाव करू लागली, ती या कारणाने. मूर्तीची माती आणि रंग मुख्य पाण्यात न गेल्याने गाळाची भर तरी कमी होते. काठावरची कारंजी निव्वळ शोभेची वाटतात. वस्तुतः पाणी हवेत उडवून ती त्यात थोडा प्राणवायू मिसळतात.

सायंकाळी दिव्यांची शोभा पाहावयास सारेच येतात. तळ्याची प्रकृती ज्यास पाहावयाची असेल, त्याने सूर्योदयापूर्वी यावे. रात्रभरात पाण्यातील प्राणवायू सर्वांत कमी झालेला असतो, ती हीच वेळ. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमीट करीत असतील, तर ते खेळत नाहीत, श्वासासाठी धडपडत असतात.