हजार यार्डांची नळी

हजार यार्ड म्हणजे ९१४ मीटर, नेहमीच्या चालीने दहा-अकरा मिनिटांची वाट. २००७ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात टॉम सार्व्हर यांनी एवढ्या अंतरावरच्या कागदावर पाच गोळ्या झाडल्या. एकमेकांपासून सर्वांत लांब असलेल्या दोन भोकांमधलं, मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर भरलं १.४०३ इंच. कटिंग चहाचा ग्लास पालथा घातला असता, तर पाचही भोकं त्याखाली झाकली गेली असती.

या खेळाचं नाव बेंचरेस्ट. सिमेंटचं भक्कम टेबल, त्यावर पुढच्या बाजूला वाळूची पिशवी बसवलेला जड लोखंडी स्टँड, मागे दस्त्याखाली सशासारखे दोन कान असलेली दुसरी पिशवी, आणि या दोन टेकूंवर विसावलेली रायफल. नेमबाज तिला आवळून धरत नाही. कित्येक जण तर चापाला लावलेल्या बोटाखेरीज तिला स्पर्शही करत नाहीत. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्यपदक मिळवलं, तेव्हा आपण पाहिली ती श्वासाची, गुडघ्याची, मनाची कसोटी. बेंचरेस्टमध्ये शरीर जवळजवळ बाजूला काढलेलं असतं. उरतात बंदूक आणि वारा. म्हणूनच हा खेळ नेमबाजांइतकाच कारागिरांचा आहे, आणि मला तो ओढून घेतो तो त्याचसाठी.

सहा मिलिमीटरची, जेमतेम पावणेसात ग्रॅम वजनाची गोळी सेकंदाला २,९५० फुटांच्या आसपास वेगाने निघते. नळीतल्या खाचांचा पीळ आठ इंचांत एक फेरा घेणारा असेल, तर ती मिनिटाला अडीच लाखांहून अधिक फेऱ्यांच्या गतीने गरगरत असते. हजार यार्ड गाठायला तिला साधारण दीड सेकंद लागतो. तेवढ्यात ती नळीच्या रेषेपासून पंचवीस फुटांहून जास्त खाली येते, आणि ताशी दहा मैलांचा आडवा वारा तिला सहा फूट ढकलतो. वेगात सेकंदाला दहा फुटांचा फरक पडला, तरी कागदावर गोळी अडीच इंच वर-खाली जाते. दीड इंचाचे गट होणाऱ्या खेळात हे परवडत नाही. म्हणून पुंगळीत भरायची दारू तिच्या एकेका दाण्यापर्यंत तोलली जाते आणि पुंगळीच्या गळ्याची जाडी लेथवर सारखी केली जाते.

लांब पल्ल्याच्या बेंचरेस्टचं माहेर म्हणजे पेनसिल्व्हेनियातलं विल्यम्सपोर्ट. मुलांच्या लिटल लीग बेसबॉलचा जन्म १९३९ मध्ये याच गावात झाला, आणि १९६७ मध्ये इथेच हजार यार्डांचा क्लब उभा राहिला. सुरुवातीच्या लोकांचा हिशेब सरळ होता: अंतर मोठं, तर काडतूसही मोठं. वेदरबी मॅग्नमसारख्या थोराड पुंगळ्यांचे गळे आवळून त्यात बारीक, लांब गोळ्या बसवायच्या आणि वाऱ्याला वेगाने हरवायचं. हिशेब चुकीचा नव्हता. सार्व्हर यांची बंदूकही मोठ्या पुंगळीची, .३० कॅलिबरचीच होती. पण मोठ्या काडतुसाचा धक्काही मोठा. बंदूक पिशव्यांवर दर वेळी किंचित वेगळी सरकते आणि तो किंचितपणा हजार यार्डांवर जाऊन उघडा पडतो.

वळण आलं ते जवळच्या पल्ल्याच्या बेंचरेस्टमधून. १९७५ च्या सुमारास लुई पाल्मिसानो हे डॉक्टर आणि फेरिस पिंडेल हे टूल-अँड-डाय बनवणारे कारागीर यांनी एका छोट्या रशियन पुंगळीवरून ६ पीपीसी हे काडतूस तयार केलं. आखूड आणि गुटगुटीत पुंगळीत दारू अधिक एकसारखी जळते, ही समजूत त्याने घट्ट केली. पुढे त्याच बांध्याचं ६ बीआर आलं. त्याच्या पुंगळीचा गळ्याकडे निमुळता होणारा खांदा पुढे ढकलून ४० अंशांचा केला, की झालं डॅशर. आज १७ पौंडांच्या, म्हणजे पावणेआठ किलोंच्या मर्यादेतल्या ‘हलक्या’ गटात या छोट्या सहा मिलिमीटर काडतुसांचा मोठा दबदबा आहे. ‘जड’ गटाला वजनाची मर्यादाच नाही. तिथे एकट्याने उचलायला अवघड अशा बंदुका येतात, आणि मोठ्या काडतुसांना तिथे अजून मान आहे.

बंदूक बांधायला घेतली की बाकीचं बरंचसं पैसे मोजून मिळतं. बोल्ट बसतो ती अ‍ॅक्शन बॅट किंवा बॉर्डनची. तिला मॅगझिनसाठी खाली भोक नसतं, त्यामुळे ती अधिक ताठ राहते. चाप ज्युएलचा, दोन औंसांच्या दाबाला सुटणारा. दस्ता पुढे तीन इंच रुंद आणि खालून सपाट, म्हणजे धक्क्यासरशी तो रुळावरून गेल्यासारखा सरळ मागे सरकतो. यात काही चुकलं तर दुरुस्त करता येतं.

नळीचं तसं नाही.

चांगली नळी बहुधा ४१६ जातीच्या स्टेनलेस स्टीलची. भरीव दांड्यात आधी लांब ड्रिलने आरपार भोक पाडायचं, मग रीमरने ते गुळगुळीत करायचं. खाचा पाडण्याच्या रीती मुख्यतः दोन. एकीत कार्बाइडचं बटण आतून ओढून पोलाद दाबलं जातं. दुसरीत एकच पातं एका फेरीत इंचाच्या दहा हजाराव्या भागाएवढं पोलाद खरवडत जातं आणि शेकडो फेऱ्यांनी खाचा पुऱ्या होतात. शेवटी नळीतच शिसं ओतून दट्ट्या बनवायचा, त्याला घासणारी पूड लावायची आणि हाताने पुढे-मागे ओढत आतला पृष्ठभाग साफ करायचा. दट्ट्या कुठे अडतो, कुठे सैल जातो, हे हाताला कळावं लागतं. यंत्रांच्या या जगात निर्णय हाताचा असतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

मग नळी बंदूक बनवणाऱ्या कारागिराकडे जाते. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यात लेथवर डायल लावून उभ्या राहणाऱ्या माणसाला त्याची धडपड लगेच ओळखू येईल. लांब ड्रिल कधीच पूर्ण सरळ जात नाही. नळी बाहेरून सरळ दिसली तरी आतलं भोक किंचित वाकडं असतं. कारागीर ते वाकडेपण मोजतो आणि नळी अशी बसवतो की वाक उभा राहावा, डावी-उजवीकडे जाऊ नये. उभा फरक दुर्बिणीत सहज भरून काढता येतो.

एवढं करूनही नळी चालेल की नाही, हे कोणालाच आधी सांगता येत नाही. एकाच कारखान्यातल्या, एकाच रीमरने घडवलेल्या दोन नळ्या, आत बोअरस्कोप घालून पाहिल्या तरी जुळ्या दिसणाऱ्या. त्यांतली एक ठीकठाक मारते आणि दुसरी जे द्याल ते खाऊन गोळीवर गोळी ठेवते. अशा नळीला तिकडे ‘हमर’ म्हणतात. ती ओळखायची कसोटी एकच: बसवा आणि झाडा. म्हणून वरच्या रांगेतले नेमबाज तीन-चार नळ्या घडवून घेतात, प्रत्येकीवर दारू आणि पुंगळीत गोळी बसवण्याची खोली बदलत बार करतात आणि एक निवडतात. ज्याला आपण बंदूक निवडणं म्हणतो, ते खरं तर एवढंच असतं.

स्पर्धेत आधी नेम जुळवायला थोडा वेळ मिळतो. त्या गोळ्या कुठे लागल्या ते दाखवलं जातं. मग नवा कागद वर येतो, आणि त्यानंतर काही दिसत नाही. वारा एका जागी थांबल्यासारखा वाटला की अनुभवी नेमबाज पाच गोळ्या पंधरा-वीस सेकंदांत झाडून मोकळा होतो. एका बाजूने काडतूस आत, दुसऱ्या बाजूने पुंगळी बाहेर, अशी अ‍ॅक्शन त्यासाठीच बनवून घेतलेली असते. कागद खाली येऊन मोजला जाईपर्यंत काय झालं ते त्यालाही ठाऊक नसतं.

आणि दर बारागणिक नळी झिजत असते. गोळी खाचांत शिरते त्या तोंडाशी पोलाद उन्हाळ्यातल्या रानासारखं भेगाळतं. डॅशरची नळी दीड-दोन हजार बार अव्वल राहते, मोठ्या मॅग्नमची हजाराच्या आसपास. एका बाराला गोळी नळीत असते ती जेमतेम दीड मिलिसेकंद. दोन हजार बार म्हणजे सगळे मिळून तीन सेकंद. म्हणून हमर हाती लागली की तिच्यावर सराव करत नाहीत, सरावाला दुसरी नळी चढवतात. वहीत तिच्या नावाचं वेगळं पान असतं, आणि त्यावर प्रत्येक स्पर्धेनंतर आजवरच्या बारांचा आकडा लिहिला जातो: २१४, ३८०, ६४५.