पट : एक

वाशिम जिल्ह्यातलं गणेशपूर म्हणजे जेमतेम दीडशे वस्तीचं गाव. जानेवारी 2023 मध्ये ते अचानक देशभरच्या बातम्यांत झळकलं, तेही तिथल्या जिल्हा परिषद शाळेच्या पटामुळे. शाळा पहिली ते चौथीची, शिक्षक एक आणि विद्यार्थीही एकच. तिसरीतला हा मुलगा दोन वर्षांपासून पटावर एकटाच होता.

शाळांची माहिती भरायच्या यू-डायस या सरकारी तक्त्याचे रकाने मात्र पाचशे पटाच्या शाळेला जेवढे, तेवढेच याही शाळेला. पहिली निरंक, दुसरी निरंक, तिसरी 1, चौथी निरंक. मुली निरंक. पुढे प्रवर्ग आहेत, दिव्यांग आहेत. सगळीकडे तोच 1 किंवा निरंक. हजेरीची टक्केवारी काढायला कागदसुद्धा लागू नये. पोरगं आलं तर शंभर, तापानं झोपलं तर शून्य.

गुरुजी बारा किलोमीटरवरून येत आणि सगळे विषय शिकवत. पोषण आहारही चालू होता. प्राथमिकच्या मुलामागे दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ आणि 20 ग्रॅम डाळ, असं प्रमाण ठरलेलं आहे. एवढ्याशा खिचडीला पातेलं कुठलं घ्यायचं, हे काही कुठल्या शासन निर्णयात सापडायचं नाही.

हसण्यावारी न्यावा असा हा आकडा नाही. ऑक्टोबर 2011 मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली, तेव्हा एकच मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना शाई लावावी लागली होती. पटावर असलेली कितीतरी मुलं वर्गात नव्हतीच. गणेशपूरचा एक निदान बाकावर बसलेला होता.

तरी असा एक सरकारला परवडत नाही. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा राज्यात 14,783 असल्याचं 2023 मध्ये सांगितलं जात होतं. त्याच वर्षी पानशेत आणि तोरणमाळ इथल्या समूह शाळांचे दाखले देत राज्यात तशाच शाळांचा विचार पुढे आला. छोट्या शाळांतली मुलं गाडीनं एका मोठ्या शाळेत न्यायची, असा बेत. कागदावर तो ठीकच दिसतो. पण शिक्षण हक्क कायद्याखालच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरचं अंतर धरलंय, ते सहा वर्षांच्या पोराची पावलं डोळ्यांपुढे ठेवून. पावसाळ्यात गाडी आली नाही, तर ते पोर घरीच बसणार.

गणेशपूरच्या तक्त्यातला तो 1 पुढच्या सत्रात चौथीच्या रकान्यात सरकणार होता. त्यापुढे या शाळेला रकानाच नाही.