परसातील मोगऱ्याची छाटणी

परसात मोगऱ्याचे झाड असूनही गजऱ्यापुरती फुले मिळत नाहीत, अशी तक्रार अनेक घरांतून ऐकू येते. झाड हिरवेगार असते, फांद्या वाढून कुंपणावर पडलेल्या असतात. कळी मात्र विरळ. खतपाणी कमी पडत असावे अशा समजुतीने ते वाढविले जाते आणि झाड अधिकच माजते. वास्तविक दोष बहुधा छाटणी न करण्यात आणि बारमाही पाणी देण्यात असतो.

मोगऱ्याची कळी नव्या फुटीच्या शेंड्यावर येते. जुन्या फांद्या तशाच राखल्यास नवी फूट थोडी व कमजोर निघते. मोसंबी-डाळिंबाच्या बागेस ताण देऊन बहार धरण्याची रीत शेतकऱ्यांच्या परिचयाची आहे. येथेही तिचाच अवलंब करावयाचा असतो. डिसेंबरच्या आरंभी पाणी तोडावे. भारी काळ्या जमिनीत ताण बसण्यास हलक्या जमिनीपेक्षा अधिक दिवस लागतात. कुंडीतील झाडाचे पाणी मात्र एकदम बंद न करता बेताने कमी करावे, अन्यथा झाडच हातचे जाते. पाने पिवळी पडून गळू लागली म्हणजे सर्व फांद्या जमिनीपासून सुमारे ४५ सेंटिमीटरवर धारदार कात्रीने छाटाव्यात. वाळलेल्या व रोगट फांद्या बुडापासून काढाव्यात. वाढलेले झाड इतके खाली आणण्यास मन धजत नाही हे खरे, परंतु येथे हात आखडू नये. नंतर आळे हलके चाळून प्रत्येक झाडास १० किलो कुजलेले शेणखत घालावे व पाणी सुरू करावे.

थंड प्रदेशातील लायलॅक हे झुडूप मोगऱ्याच्याच कुळातील. परंतु त्याची कळी आदल्या वर्षीच्या फांदीवर धरलेली असते, म्हणून ते फुलून गेल्याबरोबर छाटतात. विलायती पुस्तकांतील ते वेळापत्रक मोगऱ्यास लावू नये.

झाड आंब्याच्या दाट सावलीत असल्यास छाटणीचाही उपयोग नाही. अशा वेळी पावसाळ्यात एक फांदी मातीत दाबून कलम करावे आणि मुळे फुटल्यावर ते उन्हाच्या जागी लावावे. चुनखडीच्या जमिनीत शिरा हिरव्या राहून पाने पिवळी पडतात. हा लोहाच्या अभावाचा परिणाम होय. १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट विरघळवून फवारावे. कळीत अळीचे छिद्र दिसल्यास ती कळी तोडून नष्ट करावी.

गजऱ्यासाठी पूर्ण भरलेल्या, पण न उमललेल्या कळ्या पहाटेच खुडाव्यात. त्या सायंकाळी उमलतात.