गोंधळ घालायचाच, तर निवांत घाला!

लग्नाची गडबड आटोपली, वऱ्हाड परतलं, सत्यनारायण झाला, की आपल्या धाराशिवकडच्या घरांत पुढचा प्रश्न उभा राहतो: गोंधळ कधी घालायचा? तुळजापूरची भवानी ज्यांची कुलस्वामिनी, त्यांच्याकडे गोंधळ झाल्याशिवाय कार्य पुरं झालं असं मानत नाहीत. मंगळवार, शुक्रवार किंवा पौर्णिमा पाहून दिवस ठरतो आणि गोंधळ्यांकडे निरोप जातो.

पुढचं चित्र तुमच्या ओळखीचंच आहे. अंगणात चौक मांडला जातो, दिवटी पेटते, संबळ वाजू लागतो. आणि घरची बाई कुठे असते? स्वयंपाकघरात! पुरण वाटणं, पानं मांडणं, चहाचा तिसरा हंडा चढवणं यातच तिची रात्र जाते. ज्या नव्या सुनेसाठी हे सारं चाललं आहे ती पाया पडण्यापुरती बाहेर येते आणि पुन्हा आत जाते. तेवढ्यात घरातलं कुणीतरी गोंधळ्याला म्हणतं, "बुवा, जरा आवरतं घ्या, मंडळींना सकाळी निघायचंय." रात्रभर चालायचा तो गोंधळ तासाभरात गुंडाळला जातो.

यात आपण काय गमावतो, याचा कधी विचार केलाय का? गोंधळाची एक बांधणी आहे. पाटावर नवं वस्त्र अंथरून धान्याचा चौक भरतात, त्यावर कलश, भोवती उसाचा नाही तर ज्वारीच्या ताटांचा मांडव. आधी गण, मग देवदेवतांना आवतण. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा, पंढरीचा विठोबा, सगळ्यांना नाव घेऊन बोलावतात. हा झाला पूर्वरंग. त्यानंतर उत्तररंगात आख्यान. नाईक कथा सांगतो आणि त्याचा जोडीदार मध्येच तिरकस प्रश्न विचारून हसवतो. शेवटी आरती. आपण 'आवरतं घ्या' म्हणतो तेव्हा कात्री लागते ती बहुधा आख्यानालाच. म्हणजे देव तेवढे बोलावले आणि गोष्ट न ऐकताच सगळे उठले!

वाद्यं तरी किती थोडी! संबळ म्हणजे एकमेकांना बांधलेले दोन लहानमोठे ढोलके. एकाचा आवाज चढा, दुसऱ्याचा खर्जाचा. दोन काठ्यांनी वाजतो. तुणतुण्याला एकच तार. ती सूरही धरते आणि ठेकाही. जोडीला झांज. एवढ्यावर रात्र उभी राहते.

आता दुसरी बाजू पाहा. त्याच देवीची गाणी आपल्याकडच्या आराधिणीही गातात. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, नवरात्रात दारी येऊन जोगवा मागणाऱ्या या बायका तुम्ही पाहिल्या आहेत. गोंधळी गातो ते वडिलांकडून मुलाकडे आलेलं, कथेत बांधलेलं. आराधिणीचं गाणं मात्र सगळ्यांनी मिळून म्हणायचं असतं. एकीनं उचललं की बाकीच्या मागे धरतात, ऐकणारीही आपोआप गाऊ लागते. देवी एकच, पण एक मेळा लग्नकार्याला येतो आणि दुसरा नवरात्रात. दोघे एका अंगणात बसले तर?

अशा भेटीची गोडी काय असते, हे सातासमुद्रापलीकडच्या लोकांनाही कळलेलं आहे. अमेरिकेत अ‍ॅपलाचिया नावाच्या डोंगराळ भागात फिडल आणि बॅंजोवर वाजणारं जुनं घरगुती संगीत आहे. त्याला तिकडे 'ओल्ड टाइम' म्हणतात. ओसरीवर बसून किंवा नाचाच्या रात्री सगळ्यांनी मिळून एकच चाल वाजवायची, अशी त्याची रीत. बिल मन्रो या केंटकीच्या कलावंताने 1939 पासून नॅशव्हिलच्या रेडिओवर आपल्या ताफ्यासह गायला सुरुवात केली. 1945 च्या अखेरीस अर्ल स्क्रग्ज हा तीन बोटांनी सपाट्याने बॅंजो वाजवणारा तरुण त्याला येऊन मिळाला. त्यातून 'ब्लूग्रास' ही नवी, वेगवान धाटणी रुजली. त्यात प्रत्येक वादक पाळीपाळीने पुढे येऊन आपली करामत दाखवतो. दोन्ही एकाच घरच्या बहिणी. एक माहेरीच राहिलेली, दुसरी शहरात नांदायला गेलेली म्हणा ना! आजही दोन्हीकडचे वादक एखाद्या लहान खोलीत मोजक्या श्रोत्यांसमोर एकत्र बसतात, तेव्हा कधी सगळे मिळून वाजवतात, कधी एकेकाला वाट करून देतात. मजा अशी, की बॅंजोही आपल्या तुणतुण्यासारखाच, कातड्यावर तार ताणलेला. गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी लोकांनी तो तिकडे नेला.

आणि बायका? 1927 च्या ऑगस्टमध्ये ब्रिस्टल गावी रेकॉर्ड कंपनीची माणसं आलेली होती, तेव्हा कार्टर कुटुंबातली सारा आपलं तान्हं बाळ घेऊन गायला गेली. तिच्याबरोबर होती मेबेल. वय अवघं अठरा आणि दिवस भरत आलेले. मेबेल गिटारच्या जाड तारांवर अंगठ्याने चाल वाजवी आणि त्याच वेळी इतर बोटांनी ठेका धरी. तिची ती रीत पुढे असंख्य वादकांनी उचलली. लेकुरवाळ्या बायकांनी घरात जपलेलं गाणं असं जगभर गेलं.

आपल्याकडे जात्यावरच्या ओव्यांचं काय झालं ते आठवा. पिठाची गिरणी आली, बाईच्या हातांना विसावा मिळाला, ते चांगलंच झालं. पण जातं थांबलं तशी ओवीही थांबली. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगाव फिरून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या म्हणून त्या कागदावर तरी उरल्या. गोंधळाचीही तीच गत व्हायला नको. 2009 च्या 'जोगवा' चित्रपटाच्या संगीतासाठी अजय-अतुल यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्याचा आपल्याला केवढा अभिमान! मग आपल्या अंगणातल्या संबळवाल्यालाच 'आवरा' का म्हणायचं?

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या कार्याला एवढं करून पाहा.

जेवणं दिवेलागणीलाच उरका. पुरणाचा नैवेद्य झाला की चूल बंद. रात्रीचा चहा थर्मासमध्ये भरून ठेवा आणि वाढण्याचं काम घरच्या मुलांवर सोपवा. गोंधळी आणि आराधिणी यांना पहिल्या पंगतीला बसवा. उपाशी माणसाकडून गाणं मागू नये.

माणसं मोजकीच बोलवा. चाळीस-पन्नास जण सतरंजीवर जवळजवळ बसले की लाउडस्पीकर लागत नाही. संबळ अख्खं अंगण भरून टाकतो. शिवाय 2000 सालच्या नियमानुसार रात्री दहानंतर उघड्यावर भोंगा लावता येत नाही, ती कटकटही टळते.

आराधिणींनी कधी गायचं ते नाईकाला आधीच विचारा. विधीचा क्रम त्याचा, तो मोडू नये. पूर्वरंग संपून आख्यान सुरू होण्याआधी किंवा आरतीनंतर त्यांना जागा मिळू शकते. संबळवाला राजी असेल तर त्याने त्यांच्या गाण्याला साथ करावी. ठेका जुळायला थोडा वेळ लागेल, तो लागू द्या.

बिदागी आधी ठरवा आणि दोन्ही मेळ्यांची वेगवेगळी पाकिटं करा. शिधा आणि नारळ द्या, पण पैशांऐवजी नव्हे. "बायकांना लुगडं-चोळी दिली की झालं" हा हिशेब आता सोडायला हवा.

मोबाइलवर ध्वनिमुद्रण करायचं असेल तर त्यांना विचारून करा. सासूबाईंना, आजेसासूबाईंना येत असलेली देवीची गाणी वहीत उतरवून घ्या.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं: नव्या सुनेला चौकाजवळ, पुढच्या रांगेत बसवा. या घरचा कुलाचार पुढे तिनेच चालवायचा ना? मग तिने तो स्वयंपाकघराच्या दाराआडून का ऐकावा? तुम्हीही पदर खोचून आतबाहेर करू नका, तिच्या शेजारी बसा. आराधिणींनी धृपद धरलं की दोघींनी खुशाल मोठ्या आवाजात म्हणा. गळा गोड नसला तरी चालेल. देवीच्या दारी कुणी परीक्षा घेत नाही!