ईसीजी नॉर्मल, जीव खालीवर

लातूरच्या सरकारी ओपीडीत अकरा वाजलेत. डॉक्टरांनी आणि दाखवायला आलेल्या मामांनी, दोघांनीही बसू दिलंय, म्हणून मी भिंतीकडेच्या स्टुलावर आहे. मामा नांदेडच्या लोहा तालुक्यातले. लेक लातुरात दिलेली, म्हणून इकडं आलेत. मामींच्या बाजाराच्या पिशवीत कागदच कागद: तीन ईसीजी, एको, शुगर, थायरॉईड. सगळं नॉर्मल.

“मग छातीत धडधड कशाची व्हायलीय, साहेब?”

विचारताना मामांचा उजवा पाय सारखा हलतोय. उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळतात, सोडतात, पुन्हा गुंडाळतात. बाहेर कुणी दार लोटलं की दचकतात.

“झोप?”

“लागती. पण तीनला जाग येती अन् जीव खालीवर व्हायलाय. उजाडोस्तोवर अंगणात येरझाऱ्या. दुपार कलली की जरा बरं वाटतंय.”

डॉक्टर लिहायचे थांबतात. भल्या पहाटे जाग आणि सकाळीच त्रास जास्त, ही गंभीर नैराश्याची ओळखीची खूण.

“सोयाबीन कसंय?”

“असंल.”

मामी मध्येच बोलतात, “शेताचं नाव काढंनात, साहेब. भजनात पुढं असायचे, आता देवळाकडं फिरकत नाहीत. नातवाला जवळ घेणं सोडलंय.” पिशवीतल्या एकाही कागदावर हे नाही. कुणी विचारलंच नसावं.

नैराश्य म्हटलं की आपल्याला कोपऱ्यात गुमसुम बसलेला माणूस आठवतो. इथं समोरच्या माणसाला बसवतच नाहीये. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ च्या निदानपुस्तिकेत नैराश्यासोबतच्या या चिंतेला वेगळी जागा दिली. अंग ताठलेलं राहणं, विलक्षण बेचैनी, काळजीपायी कशातच लक्ष न लागणं, काहीतरी भयंकर घडेल ही धास्ती, आपला आपल्यावर ताबा राहणार नाही ही भीती. यातली दोन जरी बहुतेक दिवस असली तरी नोंद करायची. अशा रुग्णाला बरं वाटायला वेळ लागतो, आत्महत्येचा धोकाही जास्त असतो. म्हणून डॉक्टर आता आडपडदा ठेवत नाहीत.

“मामा, जगणं नकोसं वाटतं का?”

पाय हलायचा थांबतो.

“एकट्यानं शेतात जायचं भेव वाटायलंय. आपल्याच हातनं कायतरी होईल म्हणून.”

मामी त्यांच्याकडं बघत राहतात. त्याही हे पहिल्यांदाच ऐकतायत. असं विचारल्यानं माणसाच्या डोक्यात नसता विचार शिरतो, हा समज खोटा आहे. मामा तर विचारल्यावर मोकळे बोलू लागलेत.

डॉक्टर मामींना सावकाश समजावतात. नैराश्याच्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. सुरुवातीला बेचैनी थोडी वाढू शकते. मनानं गोळी बंद करायची नाही, लगेच इकडं यायचं. झोपेची गोळी थोडेच दिवस, तिची सवय लागते. फवारणीचं औषध घराबाहेर, कुलपात, किल्ली दुसऱ्याकडं. मामांना एकटं सोडायचं नाही. आठवड्यानं परत दाखवायचं.

नांदेड आणि लातूर हे दोन्ही जिल्हे शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठीच्या, राज्याच्या २०१५ च्या प्रेरणा प्रकल्पात आहेत. गावातल्या आशाताईलाही यातलं विचारता येतं. छातीत धडधडलं तर आधी हृदय तपासून घ्याच. पण तिथं काही सापडलं नाही, तर घरच्या माणसाला झोपेचं, भुकेचं, जगण्याच्या इच्छेचं विचारा. मन मोकळं करायला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र, मोफत चालू असतो. मराठीत बोलता येतं.