विडी, चिलीम आणि चिरूट

"दादा, जरा इस्तू द्या." डोळखांबच्या बाजूला दुपारच्या वेळी बांधावर टेकलेल्या माणसाच्या तोंडून हे शब्द निघाले की अनोळखी माणूसही जवळ येऊन बसतो. एकाच्या पेटत्या विडीला दुसऱ्याने आपली विडी टेकवायची. वडील किंवा सासरा समोरून आला तर ती मुठीत लपवायची. धूम्रपानाची अशी रीतभात आपल्या खेड्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पण तंबाखू काही आपली नव्हे, ती अमेरिकेची. पोर्तुगीजांमार्फत ती दक्षिणेत आली. विजापुराहून असद बेगाने ती अकबर बादशहाच्या दरबारी नेली, आणि जहांगिराने १६१७ साली तिच्यावर बंदी घातली. बंदीचा उपयोग काय झाला, हे आपण पाहतोच आहोत.

आता ओढण्याच्या रीतीकडे वळू. साहेबलोकांचा चिरूट मुळात तमिळ 'सुरुट्टु', म्हणजे गुंडाळी. तिरुचिरापल्लीचे चिरूट विलायतेत नावाजलेले होते. चिरूट ओढणारा शौकीन त्याचे बंद टोक कापतो, दुसरे टोक सावकाश फिरवीत पेटवतो, मिनिटाला एखादा झुरका घेतो आणि धूर तोंडातच घोळवून सोडतो. धूर छातीत घेणे हे तेथे अडाणीपणाचे लक्षण समजतात! यात ऐट आहे तसे कारणही आहे. चिरुटाची तंबाखू आंबवून मुरवलेली असते, तिचा धूर क्षारयुक्त असतो, आणि त्यातले निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात उतरते. म्हणून छातीत न घेताही चटक लागते, आणि तोंडाचा नि घशाचा कर्करोग काही टळत नाही.

विडीचे गणित उलटे. तिच्यात तंबाखू सिगारेटच्या सुमारे चौथाईच. त्यावरून पुष्कळांना वाटते, विडी हलकी, सिगारेट भारी. पण वेष्टन पाहा. आपल्याकडे आपट्याचे, गोंदिया-भंडाऱ्याकडे टेंभुर्णीचे पान. दसऱ्याला जे सोने म्हणून लुटायचे तेच इथे धुराला लावायचे! कागदातून हवा आत शिरते, तशी या पानातून शिरत नाही. विडी विझू लागते. ती जिवंत ठेवायची तर एकसारखे आणि जोराने ओढावे लागते. झुरके वाढतात, धूर खोल जातो, आणि एवढ्याशा तंबाखूतून डांबर नि विषारी कार्बन मोनॉक्साइड सिगारेटइतके, कधी अधिकही, छातीत उतरते. म्हणजे पान विझते हाच विडीचा मोठा दोष!

चिलमीला ओली छापी गुंडाळतात. तिने धूर गार लागतो, इतकेच. गार धूर घशाला टोचत नाही, म्हणून माणूस दमभर ओढतो. विष गाळले जात नाही. शिवाय एकच चिलीम पाच जणांत फिरते, मंडळी कोंडट झोपडीत दाटीने बसतात, आणि त्यांत एकजण क्षयाने खोकत असला तर हवेतून तो रोग बाकीच्यांना गाठू शकतो.

विझले असे समजून टाकलेले थोटूक पेंढ्याच्या गंजीला पुरते, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

शिक्षकबंधूंना मात्र एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. नवशिका शौकाने शिकतो असे आपण धरून चालतो. पुष्कळदा तो शिकतो हुकुमाने. "बाळ्या, दुकानातून बंडल आण", "चुलीवर पेटवून आण", आणि पेटवताना पहिला झुरका पोराच्याच तोंडात जातो. २००३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकणे आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत ती विकणे गुन्हा ठरले आहे. दुकानदाराला हे ठाऊक असते. घरच्या वडीलधाऱ्यांना पालकसभेत समजावून द्यावे लागते.

सोडू पाहणाऱ्याला पहिले तीन-चार दिवस जड जातात. चिडचिड होते, झोप उडते, हात खिशाकडे जातो. निकोटीन शरीरातून निघून जात असल्याची ही खूण. दोन ते चार आठवड्यांत जोर ओसरतो. सल्ला हवा असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी दूरध्वनी क्रमांक आहे. त्याला पैसे पडत नाहीत.